चेसी गाडीची इंजिने

मुलांनो, आपल्या पाटणला रेल्वे नाही. आगगाडी पाहावयाची म्हणजे कऱ्हाडचे स्टेशन गाठावे लागते, आणि तेथेही आता वाफेचे इंजिन दृष्टीस पडत नाही. तरीही अमेरिकेतील पाच वाफेच्या इंजिनांची हकीकत आपल्या लोकांना चटकन उमगेल. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात घरे कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातील शाबूत तुळया व वासे काढून तेच नव्या घरांना लावणारी माणसे आपल्याकडे होती.

चेसापीक अँड ओहायो या रेल्वे कंपनीने १९२६ साली रिचमंडच्या कारखान्यातून पाच प्रवासी इंजिने घेतली. त्यांचे क्रमांक ४९० ते ४९४. प्रत्येकास पुढे वाट धरणारी चार लहान चाके, मध्ये गाडी ओढणारी सहा उंच चाके आणि मागे भट्टीचा भार वाहणारी दोन चाके होती. १९४७ साली अमेरिकेतून भारतात आलेल्या 'डब्ल्यू. पी.' इंजिनांची मांडणीही अशीच होती.

दुसरे महायुद्ध संपल्यावर कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट यंग यांनी वॉशिंग्टन ते सिनसिनाटी अशी दिवसा धावणारी ऐटदार गाडी काढण्याचे ठरविले. कंपनीच्या जाहिरातींत १९३३ पासून पांघरुणात निजलेले मांजराचे एक पिल्लू झळकत असे. त्याचे नाव चेसी, तेच गाडीला मिळाले!

या गाडीच्या सेवेसाठी ही वीस वर्षांची इंजिने हंटिंग्टनच्या कारखान्यात आणली गेली. १९४६-४७ मध्ये कारागिरांनी त्यांचा कायापालट केला. मागील दोन चाकांच्या जागी चार चाके आली. आसांना रोलर बेअरिंगे लाभली, त्यामुळे घर्षण घटले. वाफ आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपाही नव्या पद्धतीच्या बसविल्या. शेवटी चार इंजिनांवर चकचकीत पोलाद व पिवळसर नारिंगी रंग यांचा गुळगुळीत अंगरखा चढला. लोक त्यांना 'पिवळ्या पोटाची' म्हणू लागले. मला स्वतःला हा अंगरखा फारसा रुचत नाही. वाफेच्या इंजिनाचे दांडे हलताना दिसावेत, यातच त्याची खरी शोभा! पाचवे इंजिन, क्रमांक ४९४, मात्र अंगरख्यावाचूनच राहिले.

डबेही तयार झाले. परंतु प्रवासी मोटारी व विमानांकडे वळू लागले होते. १९४८ साली कंपनीने बेत रद्द केला. चेसी गाडी एकदाही धावली नाही, आणि तिचे पुष्कळ डबे इतर कंपन्यांना विकले गेले. इंजिने दुसऱ्या गाड्या ओढू लागली. पण थोड्याच वर्षांत डिझेल इंजिनांनी त्यांची जागा घेतली.

चार इंजिने नाहीशी झाली. क्रमांक ४९० तेवढे बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. त्याच्याजवळ जाऊन मागील चाके मोजली, तर दोहोंऐवजी चार भरतात.