आधी गोंगाट कमी करा, मग आवाज लावा

आमच्या सिरसाळ्यात आता बऱ्याच घरांत मोठा टीव्ही, साऊंडबार आणि कोपऱ्यात एक धमधमणारा बास बॉक्स दिसतो. त्याबरोबर माझ्या दवाखान्यात एक तक्रारही वाढली आहे: "डॉक्टर, पिक्चरमधलं बोलणं समजत नाही, आणि आवाज वाढवला की कान दुखतात." काही जण सिनेमा संपल्यावर कानात शिट्टी वाजते म्हणून येतात. त्यांना मी आधी आवाजाबद्दल विचारत नाही. कूलर कुठे आहे आणि खिडकी कोणत्या बाजूला उघडते, एवढं विचारतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही. मोठा पत्र्याचा कूलर चालू असेल तर खोलीत सहज ६० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, म्हणजे समोरासमोर बसून बोलतो तेवढा. बोलणं नीट समजायला ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असावं लागतं. म्हणजे कूलरमुळेच तुमचे संवाद ७५ वर जातात. संवाद ७५ वर गेले की त्याच सिनेमातली मारामारी आणि स्फोट ९० च्या पुढे उसळतात. हंगामात परळी रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, तेव्हाही हेच होतं. रिमोट हातात असतो, बोट आपोआप वर जातं आणि ट्रॅक्टर निघून गेला तरी आवाज खाली येत नाही.

कानाचा हिशेब समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५ तास. अडीच तासांचे दोन सिनेमे ८९ च्या सरासरीने पाहिले, तर आठवड्याचा वाटा संपला. मग लग्नातला डीजे, मोबाईलचे इअरफोन, पिठाची गिरणी हे सगळं कर्जावर. आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात आणि एकदा मेलेली केसपेशी माणसात परत उगवत नाही. सिनेमानंतरची शिट्टी किंवा कान बधिर वाटणं सकाळपर्यंत जातं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण तो कानाने दिलेला इशारा आहे. वारंवार तसं होऊ लागलं तर नुकसान कायमचं होतं.

आता आवाज लावायचा कसा? अॅम्प्लिफायरच्या पडद्यावर बहुधा उणे आकडे दिसतात. त्यातलं शून्य म्हणजे थिएटरची पातळी, आणि ती मोठ्या हॉलसाठी ठरवलेली आहे. तिथे चाचणीचा आवाज ८५ डेसिबलवर जुळवतात. अमेरिकेतल्या प्रसारण क्षेत्राच्या तांत्रिक शिफारशींत १,५०० घनफुटांहून लहान खोलीसाठी हाच आकडा ७६ आहे. आपली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली १,२०० घनफुटांची. तिच्यात थिएटरचा आवाज मागणं म्हणजे कानावर अत्याचार. बहुतेक घरांत उणे २० च्या आसपास सगळं नीट ऐकू येतं. साऊंडबारवर असे आकडे नसतील तर सोपी कसोटी अशी: सिनेमा चालू असताना शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप मिळतं. त्याचा आकडा थोडा मागेपुढे होतो, पण अंदाजाला पुरतो. मोजताना मोबाईल स्पीकरजवळ नको, तुम्ही बसता तिथे डोक्याच्या उंचीवर धरा.

संवाद पुसट आणि पार्श्वसंगीत कर्कश वाटत असेल तर सगळा आवाज वाढवू नका. मधल्या स्पीकरचा किंवा 'डायलॉग'चा पर्याय असतो, तो थोडा वाढवा. 'नाईट मोड' सुरू केला की कुजबुज वर येते आणि स्फोट खाली बसतात. घरात आजी-आजोबा असतील तर हे फार उपयोगी पडतं. वयोमानाने उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे स, श, फ ही अक्षरं निसटतात आणि 'ऐकू येतं पण कळत नाही' अशी अवस्था होते. त्यांच्यासाठी टीव्ही मोठा केल्याने नातवंडांचे कान बिघडतात, आजोबांना मात्र कळत नाही ते नाहीच. त्यांची श्रवण तपासणी करून घ्या.

खोलीकडे वळू या. जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीमुळे आवाज मुरतो. स्लॅबच्या, फरशी घातलेल्या रिकाम्या खोलीत तो घुमतो आणि पत्र्याखाली तर विचारूच नका. घुमणं कमी करायला महागडं सामान लागत नाही. खाली सतरंजी किंवा गादी टाका आणि टीव्हीसमोरच्या भिंतीवर जुनी वाकळ टांगा. टाळी वाजवून पाहा, फरक लगेच जाणवतो. पण वाकळीने बाहेरचा आवाज अडत नाही, हेही लक्षात ठेवा. हवा जिथून येते तिथून आवाज येतो. दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीतल्या भेगा रबरी पट्टीने बुजवा. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल भिंतीला चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने बाहेरचा आवाज थांबत नाही आणि ठिणगी पडली तर खोली पेट घेते. कूलर बंद करायला सांगत नाही, उष्माघात जास्त वाईट. त्याचा वेग एक पायरी कमी करा, पाय हलत असतील तर रबर लावा आणि तो कानाशेजारी ठेवू नका. फटी बुजवल्या तरी हवा खेळायला एक खिडकी मोकळी हवीच. बंद खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा शेगडी पेटवू नका.

उजेडाचंही असंच. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून पडद्यावर ऊन आलं की आपण टीव्हीचा प्रकाश वाढवतो आणि डोळे चुरचुरतात. जाड गडद पडदा लावा किंवा टीव्हीची जागा बदला. रात्री मात्र खोली काळीकुट्ट नको. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडणारा मंद पांढरा दिवा ठेवा, डोळ्यांवरचा ताण कमी होतो. झोपताना उलट: टीव्ही बंद, आणि रस्त्यावरचा एलईडी दिवा अंथरुणावर पडत असेल तर तिथेही पडदा. उजेडामुळे झोपेचं संप्रेरक कमी पाझरतं, मुलांमध्ये तर हा परिणाम जास्तच.

शेजाऱ्यांचाही विचार करा. बासचा आवाज सामायिक भिंतीतून आरपार जातो. बास बॉक्स त्या भिंतीपासून दूर, रबराच्या तुकड्यांवर ठेवा. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. खासगी घरातल्या यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त होता कामा नये. भिंतीपलीकडे बारावीचा विद्यार्थी किंवा ओली बाळंतीण असेल तर नियमाची वाटही पाहू नका.

कानातली शिट्टी एका दिवसाहून जास्त टिकली तर दाखवून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची बाब समजा. उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. घरी थांबून कानात कोमट तेल, लसणाचा रस घालू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात त्याच दिवशी जा.