जो-तो आणि दोन अपूर्णविराम

जावा शिकताना मेथड रेफरन्सची ओळख बहुतेक वेळा 'लॅम्डाचं छोटं रूप' अशी करून दिली जाते. ते बरंचसं खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आणि जो भाग उरतो तो व्याकरणाचा आहे, म्हणून तो आपल्या मंडळात सांगायला हरकत नाही.

लॅम्डा हे नाव तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांच्या १९३०च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसवरून आलं. जावात लॅम्डा आणि मेथड रेफरन्स दोन्ही आठव्या आवृत्तीत, २०१४ साली आले. समजा, चर्चच्या कॉयरमधल्या मुलांच्या नावांची यादी आहे आणि प्रत्येक नावाची लांबी हवी आहे. लॅम्डा असा:

नाव -> नाव.लेंग्थ()

मोठ्याने वाचून बघा: 'जे नाव येईल, त्याची लांबी सांग.' आपलं जो-तो वाक्यच! बाणाच्या डावीकडे 'जे', उजवीकडे 'त्याची'. मेथड रेफरन्स ही दोन्ही सर्वनामं गाळतो:

स्ट्रिंग::लेंग्थ

उरतं फक्त क्रियेचं नाव. येणारी स्ट्रिंग कुठे बसवायची हे कंपायलर संदर्भावरून ओळखतो. तसा लॅम्डालाही स्वतःचा टाइप नसतोच. एकच अमूर्त मेथड असलेला इंटरफेस समोर असेल तरच दोघांना अर्थ येतो.

पण सर्वनाम गाळलं की कधीकधी संदिग्धता येते. इंटिजर घेऊन स्ट्रिंग देणारं फंक्शन हवं आहे आणि आपण लिहिलं, इंटिजर::टूस्ट्रिंग. आता इंटिजर क्लासमध्ये या नावाची एक मेथड त्या ऑब्जेक्टवर चालते, तर दुसरी स्टॅटिक आहे आणि संख्या कंसात घेते. दोन्ही अर्थ लागतात. कवीला हा श्लेष आवडला असता. कंपायलर एरर देऊन थांबतो. मग निमूटपणे जो-तो लिहायचं: संख्या -> संख्या.टूस्ट्रिंग().

खरी गंमत काळाची आहे. हे दोन बघा:

ओळ -> सिस्टिम.आउट.प्रिंटलाइन(ओळ)
सिस्टिम.आउट::प्रिंटलाइन

दिसायला एकच काम. पण दुसऱ्यात अपूर्णविरामांच्या डावीकडचं 'सिस्टिम.आउट' तिथल्या तिथे, एकदाच, शोधून धरून ठेवलं जातं. लॅम्डा मात्र दर वेळी नव्याने शोधतो. 'मंडळाच्या सचिवांना कळवा' या सूचनेसारखंच हे. आज जे सचिव आहेत त्यांना, की कळवायच्या दिवशी जे असतील त्यांना? मधेच सेटआउट वापरून आउटपुट फाइलकडे वळवलं, तर लॅम्डा फाइलमध्ये लिहील आणि रेफरन्स जुन्याच जागी छापत राहील. म्हणून 'छोटं रूप' हे शब्द मला खटकतात. एडिटर लॅम्डाखाली रेघ ओढून 'रेफरन्स करा' असं सुचवतो, तेव्हा स्ट्रिंग::लेंग्थसारख्या ठिकाणी मी लगेच ऐकते. डावीकडे क्लास नसून बदलू शकणारा ऑब्जेक्ट असेल, तर आधी थांबून बघते.

नलच्या बाबतीतही हेच. डावीकडचा ऑब्जेक्ट नल असेल, तर रेफरन्स जिथे लिहिला त्याच ओळीवर नल पॉइंटर एक्सेप्शन येतं. लॅम्डात ते वापराच्या वेळी येतं, आणि लॅम्डा कधी चालवलाच नाही तर येतच नाही.