स्थौल्य व प्रमेहाच्या पथ्यात धिरड्याचे स्थान

मेदोरोगी अथवा प्रमेही रुग्णाच्या हाती पथ्यपत्रक देताना आपण बहुधा ‘पिठूळ व तळलेले पदार्थ वर्ज्य’ असे लिहून मोकळे होतो. रुग्ण घरी जाऊन विचारतो, “धिरडे चालेल का? घावन? आंबोळी?” त्याला निश्चित उत्तर मिळत नाही. मग तो एक तर सकाळचा आहारच सोडतो, नाही तर आठ दिवसांनी पथ्यच सोडतो. शहरांतील तरुण रुग्ण हल्ली पॅनकेकविषयीही विचारू लागले आहेत. तव्यावर पसरून भाजलेल्या या सर्व पिष्टकल्पनांचा विचार एकत्रितपणे करणे योग्य ठरेल. कारण संहिताकारांनी हा वर्ग सरसकट निषिद्ध मानलेला नाही.

चरकसंहितेच्या प्रमेहचिकित्सेत आहार यवप्रधान असावा असे सांगताना यवौदन, वाट्य, सक्तू यांबरोबर अपूपाचाही उल्लेख येतो. अपूप म्हणजे आजचे धिरडेच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तथापि पिठाची भाजलेली कल्पना प्रमेहीस देता येते, एवढे त्यावरून निश्चित होते. दुसरीकडे मात्राशितीय अध्यायात पिष्टान्न गुरु म्हटले आहे आणि गुरु द्रव्ये तृप्तीच्या तृतीयांश अथवा अर्ध्या प्रमाणातच घ्यावीत, जेवणानंतर तर घेऊच नयेत, असा दंडक आहे. या दोन वचनांत विरोध नाही. पहिले द्रव्याविषयी बोलते, दुसरे मात्रा व काल यांविषयी. व्यवहारात आपण दुसरे लक्षात ठेवतो व पहिले विसरतो.

स्थौल्याच्या संप्राप्तीत मेदाने मार्गावरोध झाल्याने वायू कोष्ठात संचार करतो व अग्नी प्रदीप्त करतो. म्हणून स्थूल रुग्णास वारंवार भूक लागते आणि आहारकाल चुकल्यास त्यास अधिक त्रास होतो. याच कारणास्तव अष्टौनिन्दितीय अध्यायाने स्थूलासाठी गुरु परंतु अपतर्पण असा आहार सुचविला. गुरुत्वामुळे वाढलेला अग्नी शांत राहतो, अपतर्पणत्वामुळे मेद वाढत नाही. चक्रपाणींनी याचे उदाहरण म्हणून मधाचा निर्देश केला आहे. माझ्या मते योग्य द्रव्यांचे, अल्पस्नेहाचे धिरडे हे या सूत्राचे आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांत सोपे रूप होय. यव, मुद्ग, कुलत्थ, कोद्रव, श्यामाक ही स्थौल्यात उपदेशिलेली सर्व धान्ये त्यात बसतात. त्याच यादीतील जूर्णाह्व म्हणजे ज्वारी असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. तीही धिरड्यास चालते.

येथे उष्मांकांचा हिशेब अवश्य करावा, परंतु त्याची मर्यादाही ओळखावी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ३५६, ज्वारीत ३३४, मुगाच्या डाळीत ३२६ व जवात ३१६ उष्मांक असतात. म्हणजे या तराजूत तांदूळ व जव यांत फार अंतर नाही. परंतु तंतुमय अंश तांदळात १०० ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आत, तर जवात पंधरा ग्रॅमच्या वर आहे. शिवाय जवातील बीटा-ग्लुकन हा चिकट तंतू आतड्यात साखरेचे शोषण मंद करतो. उष्मांक समान असूनही तांदळाच्या घावनानंतर दोन तासांत भूक लागते व जव-मुगाच्या धिरड्यानंतर लागत नाही, हा रुग्णांचा नित्याचा अनुभव यातून समजतो.

उष्मांकांत खरा फरक पडतो तो तेल, संख्या व तोंडीलावणे यांनी. एक चहाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४० उष्मांक. तांदळाच्या ३० ग्रॅम पिठाचे एक घावन धरले, तर तीन घावनांच्या पिठाचे ३२० व प्रत्येकी एक चमचा तेलाचे १२० मिळून ४४० होतात. कोकणी पद्धतीने सोबत नारळाचा गोड रस घेतला तर त्यातील ३० ग्रॅम गूळच शंभराहून अधिक भर घालतो. नारळाच्या दुधाचे वेगळे. याउलट ४० ग्रॅम सालीचे मूग भिजवून वाटावेत, त्यात २० ग्रॅम जवाचे पीठ, किसलेला दुधी अथवा चिरलेली मेथी, आले, जिरे व हिंग घालावा आणि एकूण एक चमचा तेलात तीन पातळ धिरडी करावीत. हा हिशेब अडीचशेच्या आसपास राहतो. लोणी काढलेल्या पातळ ताज्या ताकाचा पेला धरून सुमारे २८०. प्रथिनेही पहिल्यापेक्षा अधिक मिळतात. शेंगदाण्याच्या चटणीऐवजी पुदिना-कोथिंबिरीची चटणी द्यावी.

‘दोन धिरडी’ हे प्रमाण मात्र निरर्थक आहे. १६ सेंटिमीटर व्यासाच्या व २४ सेंटिमीटर व्यासाच्या धिरड्यांत क्षेत्रफळाचा फरक सव्वादोनपट पडतो. म्हणून पथ्य लिहिताना संख्या न लिहिता कोरड्या धान्याचे वजन अथवा वाटीचे माप लिहावे व तेल दिवसाचे मोजून बाजूला काढण्यास सांगावे. बिडाच्या मुरलेल्या तव्यावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवण्याची जुनी रीत येथे उत्तम. कडेने चमच्याने तेल सोडले की जाळीदार घावन ते सर्व शोषून घेते. झाकण ठेवून वाफेवर शिजवल्यास तेल आणखी कमी लागते.

आंबवलेल्या कल्पनांविषयी स्वतंत्र विचार हवा. आंबोळी अम्ल व विदाही असल्याने अम्लपित्त, त्वग्विकार अथवा शोथ असलेल्या रुग्णास ती टाळणेच बरे. कुळीथ मेदोहर खरा, परंतु उष्ण व रक्तपित्तकर. रक्तार्शाच्या वा पित्तप्रधान रुग्णास त्याऐवजी मूग द्यावा. वृक्कविकारात डाळींचे प्रमाण रुग्णाच्या तपासण्या पाहूनच ठरवावे. गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास असलेल्यांस जवही वर्ज्य आहे, हे विसरू नये.

मैदा, दूध, अंडे, लोणी व वर गोड पाक अशा पॅनकेकला या चौकटीत जागा नाही. हट्टच असेल तर कणीक व मुगाचे पीठ घेऊन क्वचित करावा. वरून गरमागरम पदार्थावर मध ओतण्याची प्रथा मात्र आवर्जून थांबवावी. मध उष्ण करू नये हा नियम आपल्या शास्त्राचाच आहे. शिवाय प्रमेहात मधाची मात्रा रक्तशर्करा पाहून ठरवावी लागते.

इन्शुलिन अथवा सल्फोनिलयुरिया गटाची औषधे घेणाऱ्या प्रमेहीने पथ्याच्या उत्साहात सकाळचा आहार सोडला तर रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे त्यास व घरच्यांस समजावून सांगावीत. आहारात मोठा बदल करताना औषधांची मात्रा बदलण्याविषयी त्याच्या मधुमेहतज्ज्ञाशी बोलणे ही आपली जबाबदारी आहे. अशा रुग्णास सकाळी वेळेवर मोजकी धिरडी देणे लंघनापेक्षा अधिक सुरक्षित ठरते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी. पहिली नावाच्या घोटाळ्याची. मराठीत जवास सातू म्हणतात. परंतु बाजारात ‘सातूचे पीठ’ म्हणून मिळते ते पुष्कळदा भाजलेले गहू व डाळव्यांचे असते. उत्तरेकडील सत्तू तर मुख्यतः हरभऱ्याचा. चिकित्सकाने ‘यवपिष्ट’ लिहिले व रुग्णाने सातूचे पीठ नेले, तर सारा हेतूच फसतो. तेव्हा चिठ्ठीवर ‘जवाचे पीठ’ असेच लिहावे व दुकानात पुडीवरील घटक वाचूनच ते द्यावे.

दुसरी गोष्ट तयार मिश्रणांची. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘मल्टिग्रेन’ नावाखाली पहिलाच घटक मैदा अथवा तांदळाचे पीठ असेल, तर ते मिश्रण या रुग्णांसाठी ठेवू नये. छापलेले उष्मांक कोरड्या पिठाचे असतात, तव्यावरील तेल त्यात नसते, हे ग्राहकास सांगावे. ‘साखर घातलेली नाही’ आणि ‘साखरमुक्त’ या दोन दाव्यांतही फरक आहे. भारतीय नियमांनुसार दुसऱ्यासाठी १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक चालत नाही. पहिल्या दाव्याच्या पुडीत मात्र खजुराची पूड अथवा माल्टोडेक्स्ट्रिन आहे का, ते घटकांच्या यादीत पाहावे लागते.