पापडाच्या वहीतून शिकूया पुस्तपालन : भांडवल ते ताळेबंद



मी प्राथमिकची शिक्षिका. डी.एड. झालेलं, वर्ग तिसरी-चौथी. त्यामुळे अकरावी वाणिज्यचा पाठ मी लिहितेय हे पाहून काहींना नवल वाटेल. झालं असं, की सप्टेंबरमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चौथीला माझ्याच वर्गात होती, आता अकरावी कॉमर्सला आहे. पहिल्या घटक चाचणीत पुस्तपालन व लेखाकर्म या विषयात २५ पैकी ६ गुण. म्हणाली, "मॅडम, व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण व्यवहार दिला की काय करायचं तेच कळत नाही." मी व्याख्या विचारल्या, तिने धडाधड म्हणून दाखवल्या. मग विचारलं, "तुमच्या घरच्या धंद्यात ऋणको कोण?" ती गप्प.

तिच्या आईने एप्रिलमध्ये घरी पापडाचा व्यवसाय सुरू केला होता आणि मे महिन्यात बंदही केला. कारण काय, तर तोटा आला. मशीनवर गोणपाट टाकून ठेवलंय, बचत गटाचे हप्ते मात्र चालूच आहेत. मी म्हटलं, "आईने हिशोब लिहिला असेल ना? ती वही घेऊन ये." शंभर पानी वही आली. त्या वहीतल्या एका महिन्यावरच आजचा आपला पाठ आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी थोडे गोल केलेत, एवढंच.

वहीत लिहिलं होतं ते असं. स्वतःच्या साठवणीतले २०,००० रुपये घातले. बचत गटाकडून १०,००० कर्ज घेतलं, व्याज शेकडा १ रुपया महिना. पापडाचं मशीन १२,००० रोखीने. उडीद डाळ, मसाला, पापडखार असा माल ९,००० चा रोखीने आणि ६,००० चा होलसेल किराणावाल्याकडून उधार. महिनाभरात पापड विकले, १४,००० चे रोखीने आणि ७,००० चे एका हॉटेलला उधारीवर. मदतीला येणाऱ्या दोन बायकांची मजुरी ३,०००. रिक्षाभाडं आणि फोन मिळून १,०००. गटाचं व्याज १००. आणि भाच्याच्या लग्नाचा आहेर, घरचं सिलिंडर यासाठी गल्ल्यातून ५,००० काढले.

महिनाअखेर डब्यात राहिले १३,९०० रुपये. आईने हिशोब केला : ३०,००० घेऊन बसले, १३,९०० उरले, म्हणजे १६,१०० पाण्यात गेले. बंद करा धंदा!

तुम्हाला काय वाटतं? तोटा झाला का? पुढे वाचण्याआधी वहीच्या मागच्या पानावर तुमचं उत्तर लिहून ठेवा.

आता एकेक संज्ञा घेऊया.

मालकाने स्वतःचे पैसे, वस्तू किंवा मालमत्ता व्यवसायात घातली की त्याला भांडवल म्हणतात. इथे भांडवल किती? बरीच मुलं ३०,००० सांगतात. चूक. भांडवल २०,०००. गटाचे १०,००० हे कर्ज, ते परत द्यायचंय. व्यवसायाने बाहेरच्यांना जे जे द्यायचं असतं त्या सगळ्याला मिळून देयता किंवा देणी म्हणायचं. खरं म्हणजे भांडवलसुद्धा व्यवसायाच्या डोक्यावरचं देणंच आहे, फक्त ते मालकाचं. व्यवसाय वेगळा आणि मालक वेगळा, असं पुस्तपालन धरून चालतं. आई आणि तिचा पापडाचा धंदा ही दोन वेगळी माणसं आहेत अशी कल्पना करा. ही कल्पना एकदा डोक्यात बसली की अर्धा विषय सोपा होतो.

म्हणूनच ते ५,००० रुपये. लग्नाचा आहेर हा पापडाच्या धंद्याचा खर्च आहे का? नाही. मालकाने स्वतःच्या किंवा घरच्या वापरासाठी व्यवसायातून रोख रक्कम किंवा माल नेला की ती उचल. उचल भांडवलातून वजा होते, नफ्या-तोट्यात तिला जागा नाही.

इथे मला माझ्या वडिलांचं दुकान आठवतं. गावात छोटं किराणा दुकान होतं. गल्ला कायम भरलेला दिसायचा, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं दुकान जोरात आहे. घरात लागणारा गूळ, साखर, साबण सगळं दुकानातूनच. आम्ही भावंडं बरणीतून लिमलेटच्या गोळ्या काढायचो त्या वेगळ्याच. कुठेही लिहिलेलं नसायचं. विकलेल्या मालाच्या जागी तेवढाच माल भरायचा असतो, पण गल्ल्यातले पैसे घरात आधी लागायचे. फळ्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या आणि मी सातवीत असताना दुकानाला कुलूप लागलं. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "गिऱ्हाईक तर भरपूर होतं, पैसा गेला कुठे कळलं नाही." मोठेपणी उचल हा शब्द वाचला तेव्हा मला कळलं. एकीकडे रोकड भरपूर आणि धंदा खचत चाललेला, दुसरीकडे या ताईंची रोकड कमी. गल्ला पाहून नफा-तोटा ठरवायचा नाही, तो कसा काढायचा ते खाली बघू.

आता ऋणको आणि धनको. ही जोडी परीक्षेत हमखास उलटी लिहिली जाते. जो व्यवसायाचं देणं लागतो तो ऋणको. ज्याचं देणं व्यवसाय लागतो तो धनको. ऋण त्याच्या डोक्यावर, म्हणून तो ऋणको. उधारीवर पापड नेणारं हॉटेल ऋणको ७,००० ने आणि उधार डाळ देणारा किराणावाला धनको ६,००० ने. ऋणकोकडून रक्कम येण्याची आशाच संपली की ते बुडीत कर्ज, आणि तो व्यवसायाचा तोटा.

व्यवसायाच्या मालकीच्या किमती वस्तू आणि येणी म्हणजे मालमत्ता. मशीन, शिल्लक माल, रोकड आणि ऋणकोसुद्धा! हॉटेलकडून येणारे ७,००० ही मालमत्ता आहे हे मुलांना पटकन पटत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

मशीनला दिलेले १२,००० आणि मजुरीचे ३,००० हे दोन्ही पैसे डब्यातूनच गेले, पण दोघांत फरक आहे. मजुरीचा उपयोग त्या महिन्यापुरता, म्हणून तो महसुली खर्च. मशीन पुढची काही वर्षं चालणार, म्हणून तो भांडवली खर्च. मग मशीनची झीज? ती घसारा म्हणून दर वर्षी थोडी थोडी खर्चात घ्यायची. मशीन ५ वर्षं चालेल आणि शेवटी काही किंमत येणार नाही असं धरलं, तर वर्षाचा घसारा २,४०० आणि महिन्याचा २००. आईने सगळे १२,००० एप्रिलच्याच डोक्यावर मारले होते.

सूट या शब्दाबद्दल थोडक्यात. छापील किमतीतून विक्रेता जी कमी करतो ती व्यापारी सूट, तिची वह्यांत वेगळी नोंद होत नाही. पैसे लवकर दिल्याबद्दल मिळते ती रोख सूट, तिची नोंद होते.

यानंतर येतात नावे आणि जमा. इथे मुलं अडखळतात आणि त्यात त्यांचा फार दोष नाही असं माझं मत आहे. गावाकडच्या जुन्या रोजमेळात डावीकडे जमा असते, म्हणजे आलेले पैसे. पाठ्यपुस्तकात मात्र खात्याची डावी बाजू नावे आणि उजवी बाजू जमा. घरात आजोबांची वही पाहिलेल्या मुलाचा गोंधळ होणारच. बँकेच्या पासबुकात तुम्ही भरलेली रक्कम जमा दिसते, कारण ती वही बँकेची आहे आणि तुमचे पैसे बँकेला तुम्हाला परत द्यायचे आहेत. तुमच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे पडते. वही कोणाची, हे आधी विचारा.

नियम तीनच आहेत. व्यक्तीचं खातं असेल तर घेणारा नावे, देणारा जमा. वस्तूचं किंवा संपत्तीचं असेल तर येणारी नावे, जाणारी जमा. खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफे जमा. उदाहरणार्थ मशीन आलं, रोकड गेली. म्हणून यंत्र खाते नावे १२,०००, रोख खाते जमा १२,०००. प्रत्येक व्यवहाराला अशा दोन बाजू, म्हणून ही द्विनोंदी पद्धत. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या गणितशिक्षकाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ती समजावून सांगितली. पद्धत त्याने शोधली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरतच होते. त्याने ती धड्यासारखी मांडली. (शेवटी काम शिक्षकाचंच!)

व्यवहार तारखेनुसार पहिल्यांदा लिहायचे ते रोजकीर्द. तिथून एकेका खात्यात वेगळे करणं म्हणजे खतावणी. सगळ्या खात्यांच्या शिल्लका एकत्र मांडून नावे आणि जमेची बेरीज जुळते का ते पाहायचं, ती तेरीज. बेरीज जुळली म्हणजे हिशोब शंभर टक्के बरोबर असं समजू नका. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी तेरीज जुळते.

आता मूळ प्रश्नाकडे. महिन्याअखेर डाळ आणि पापड मिळून ४,००० चा माल शिल्लक होता. हा अखेरचा शिल्लक माल. त्याचं मूल्य खरेदी किंमत किंवा बाजारभाव यात जे कमी असेल ते धरतात.

एकूण विक्री रोख आणि उधार मिळून २१,०००. खरेदी १५,०००, त्यातून शिल्लक माल ४,००० वजा, राहिले ११,०००. त्यात मजुरी ३,००० मिळवली की १४,०००. २१,००० वजा १४,००० बरोबर ७,०००. हा ढोबळ नफा, तो व्यापार खात्यावर निघतो. त्यातून भाडं-फोन १,०००, व्याज १०० आणि घसारा २०० वजा केले की ५,७००. हा निव्वळ नफा, तो नफा-तोटा खात्यावर निघतो.

होय, नफा! तोटा नाही.

पटत नसेल तर ताळेबंद करून बघू. ताळेबंद म्हणजे ठरावीक दिवशीची व्यवसायाची आर्थिक स्थिती. आपल्याकडे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असल्याने तो बहुतेक ३१ मार्चचा असतो, आपण ३० एप्रिलचा करतोय.

देयता बाजू : भांडवल २०,००० अधिक नफा ५,७०० वजा उचल ५,००० = २०,७००. बचत गटाचं कर्ज १०,०००. धनको ६,०००. एकूण ३६,७००.

मालमत्ता बाजू : मशीन १२,००० वजा घसारा २०० = ११,८००. शिल्लक माल ४,०००. ऋणको ७,०००. रोकड १३,९००. एकूण ३६,७००.

दोन्ही बाजूंची बेरीज जुळली तेव्हा त्या मुलीने तीन वेळा पुन्हा बेरीज केली. मग घरी जाऊन आईला दाखवली. दुसऱ्या दिवशी आई स्वतःच आल्या. कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मॅडम, नफा झाला म्हणता, मग माझी मजुरी कुठंय ह्याच्यात? पहाटे चारला उठत होते मी."

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. एकट्या मालकाच्या व्यवसायात मालकाच्या कष्टाची मजुरी सहसा खर्चात धरली जात नाही, तिचा मोबदला नफ्यातूनच येतो. म्हणजे ५,७०० मध्ये त्यांची महिन्याची मजुरीसुद्धा आली. हा आकडा त्या कष्टाला पुरेसा आहे का, हे ताळेबंद सांगत नाही. ते त्यांनीच ठरवायचं. पण १६,१०० बुडाले ही गोष्ट खरी नव्हती. त्या म्हणाल्या, "तोटाच झालाय तर कशाला ठेवायचे, म्हणून मी उरलेले पापड पाहुण्यांना वाटून टाकले." (मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ही मालाची उचल ना?" २५ पैकी ६ वाली मुलगी ही!)

आता ऑक्टोबरच्या उन्हात मशीनवरचं गोणपाट निघालंय. तुमच्यासाठी स्वाध्याय त्याच वहीतला, रोजकीर्दीत नोंदी करा :

१) होलसेल किराणावाल्याचे ६,००० रुपये रोख देऊन चुकते केले.

२) गटाच्या कर्जापैकी १,००० परत केले आणि व्याज १०० दिले.

३) लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी १,५०० काढले.

४) हॉटेलवाल्याने जूनमध्ये ४,००० दिले होते. उरलेल्या ३,००० पैकी २,८०० त्याने आता दिले आणि "हिशोब मिटला" म्हणाला. राहिलेले २०० कोणत्या खात्याला न्याल, रोख सूट की बुडीत कर्ज? का, ते एका वाक्यात लिहा.