बाबा विसरतात, की खचलेत?

प्रश्न अकोल्याचा. वडिलांनी तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली. घरी बसल्यापासून गुमसुम असतात, नावं विसरतात. हा स्मृतिभ्रंश का?

लगेच तो शिक्का नको. उतारवयातलं नैराश्यही विस्मरणाचं सोंग घेतं. असा माणूस बहुधा स्वतःच कुरकुरतो, ‘मले काही आठवत नाही’. स्मृतिभ्रंशात तक्रार बरेचदा घरचे करतात.

शिवाय यंत्रांच्या खडखडाटाने कान अधू झाले नाहीत ना, हे पाहावं. नाव नीट ऐकूच आलं नाही, तर लक्षात काय राहणार! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ बदलता येण्याजोगे धोके मांडले. त्यांत श्रवणदोष, नैराश्य आणि एकटेपणा तिन्ही आहेत.

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे कान, बी-१२, थायरॉइड आणि मनःस्थिती तपासून घ्यावी. तोवर कापसाची प्रत बाबांनाच विचारावी, जरा समोर बसून.