कोऱ्या पानाची गोष्ट

पालकहो,

गेल्या आठवड्यात मुलांच्या दप्तरांतून कागदाचे फाटके तुकडे निघाले आणि भूमितीच्या वहीचं पान मात्र कोरंच. एका आईने मला फाटकाशीच गाठलं, "बाई, तासाला नुसता खेळ चालतो का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हे हितगुज.

त्या दिवशी प्रत्येकाने मनाला येईल तसा त्रिकोण कापला आणि कोनमापकाने तिन्ही कोन मोजले. कुणाची बेरीज १७८ अंश आली, कुणाची १८१. पुस्तकात १८० आहे म्हटल्यावर काहींनी हळूच आकडे खोडले! मग मी तिन्ही कोपरे फाडून एका बिंदूपाशी शेजारी शेजारी लावायला सांगितले. त्रिकोण चिंचोळा असो की पसरट, ज्याच्या त्याच्या बाकावर सरळ रेषा तयार. तेवढ्यात मागून आवाज आला, "पण बाई, जगातले सगळे त्रिकोण कुठे फाडलेत आपण?"

सिद्धता लागते ती इथे. आता मी फळ्यावर समांतर रेषा काढीन, तेव्हा त्या मुलाला स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर मिळत असेल.

घरीही सामान भरपूर आहे. काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडा. अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केलेला हा खेळ. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग पत्र्याच्या छपराखालची कैची दाखवा. डब्याच्या झाकणाभोवती दोरा गुंडाळा आणि तोच झाकणावर मधोमध आडवा लावून पाहा. तीनदा बसून थोडा उरतो. डबी असो की पातेलं, तेच! भास्कराचार्यांनी 'लीलावती'त व्यवहारापुरतं परीघ आणि व्यासाचं हे गुणोत्तर २२/७ धरलं आहे. जवळपास बांधकाम असेल, तर गवंडी ३, ४, ५ फुटांच्या मापाने काटकोन कसा तपासतो, तेही बघू द्या.

एकच विनंती. उत्तर ओठांवर आलं, तरी जरा गिळा. मूल चुकतमाकत तिथे पोचेल.

आणि हो, ते तुकडे केरात टाकू नका. उद्या शाळेत हवे आहेत. त्या कोऱ्या पानावर ते चिकटवायचे आहेत आणि खाली सिद्धता लिहायची आहे.

तुमच्या मुलांच्या,
गणिताच्या बाई