पुनर्विमा आणि विमेदाराचा हक्क

प्रश्न : किंग्ज सर्कलजवळील आमच्या कापडाच्या दुकानात पावसाचे पाणी शिरून माल नासला. पुनर्विमा कंपनीची मंजुरी आली नाही, या सबबीवर विमा कंपनी दावा तहकूब ठेवते. हे न्याय्य आहे काय?
– एक वाचक, माटुंगा

उत्तर : मुळीच नाही. पुनर्विम्याच्या कराराने विमा कंपनी स्वतःच्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या कंपनीवर सोपवते, आणि सर्वसाधारण विम्यात १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम १०१-अ अन्वये ठरावीक हिस्सा चर्चगेट येथील जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनकडे देणे तिला बंधनकारकही असते. परंतु त्या करारात आपण पक्षकार नसल्यामुळे, सामान्यतः जसा आपल्याला पुनर्विमा कंपनीवर थेट दावा लावता येत नाही, तसाच त्या उभयतांतील तंटा आपल्या माथी मारण्याचा अधिकार विमा कंपनीसही पोहोचत नाही.

प्रथम पॉलिसीत पुराची जोखीम समाविष्ट असल्याची खातरजमा करून सर्वेक्षकाच्या अहवालाची नक्कल मागवा. तो अहवाल म्हणजे अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. नंतर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान न झाल्यास, दुकान एकल मालकीचे वा सूक्ष्म उद्योगात मोडणारे असेल तर, विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, कारण व्यापाऱ्याने घेतलेला विमा नफ्यासाठी नसून नुकसानभरपाईसाठी असतो, हे तत्त्व २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. मात्र तेथे दोन वर्षांची मुदत कटाक्षाने पाळावी.